बँटमची खोळ

जगातली पहिली जीप ज्यांनी बनवली, त्यांना जीपचं मोठं काम काही मिळालं नाही. हे ज्ञान मला बोदवडमध्ये, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उकिडवं बसलेलो असताना झालं. अमेरिकेच्या सैन्यानं 1940 साली 135 कारखानदारांना कळवलं, की एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी 49 दिवसांत तयार करून दाखवा. बहुतेकांनी कानाडोळा केला. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीनं मात्र कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं दोन दिवसांत नकाशे काढले आणि 23 सप्टेंबरला, संध्याकाळी पाचची मुदत संपायला अर्धा तास असताना, कंपनीनं गाडी सैन्याच्या दारात नेऊन उभी केली. सैन्य खूश झालं. इतकं खूश झालं, की बँटमचे नकाशे त्यानं विलीज आणि फोर्ड या दांडग्या कंपन्यांच्या हाती ठेवले. त्या दोघांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा काढल्या. बँटमच्या नावावर पावणेतीन हजारसुद्धा नाहीत. मग बँटमनं काय करायचं? तर दुसऱ्यांच्या जीपांमागे लावायचे ट्रेलर बनवायचे. लग्न जमवणाऱ्या मामाला ऐन पंगतीत पाण्याचा जग घेऊन उभं करावं, तशातला हा प्रकार.

त्या ट्रेलरांपैकी एक आमच्या मागच्या अंगणात आहे.

तो तिथे कसा आला, याला आमचे आजोबा जबाबदार. ते कापसाचे व्यापारी. महायुद्ध संपल्यावर सैन्यानं मागे ठेवलेल्या गाड्या, टायर, तंबू, घोंगड्या असं काय काय ‘डिस्पोजल’ म्हणून विकायला निघालं, तेव्हा आजोबांनी कुणा एजंटामार्फत एक जीप घेतली. तिच्यामागे हा ट्रेलर बिनबोलावता आला. पुढे जीप विकली गेली. घेणाऱ्याला ट्रेलर फुकट देऊ केला, तर तो म्हणाला, “नको, जागा जाईल.” तेव्हापासून जागा आमची गेली.

घरात त्याला ‘डबा’ म्हणत. डब्यात पऱ्हाट्या ठेवल्या, गोवऱ्या ठेवल्या, एक वर्ष गणपतीचं सामान ठेवलं; अलीकडे एका कोंबडीनं त्यात कायमचा मुक्काम केला होता. अशा सुखात दिवस चालले असताना माझा पुण्याचा भाचा सुट्टीला आला. तो कॉम्प्युटरमध्ये आहे आणि उरलेल्या वेळात जुन्या गाड्यांमध्ये. त्यानं कोंबडीला उठवलं, तारेच्या ब्रशनं डब्याच्या अंगावरची एक लहानशी पट्टी घासली आणि किंचाळला, “मामा! हा बँटम टी-3 आहे!”

“कोनाचा काय हाये?” आई ओट्यावरून म्हणाली.

मग त्यानं मला तिथेच बसवून वरची सगळी हकिगत ऐकवली. पाव टनाचा ट्रेलर. खडबडीत रानातून न्यायचं ओझं 500 पौंड. पुढचा टेकू, दोरी बांधायचे बाजूचे आकडे, तळाला पाणी सोडायची बुचं. “बुचं कशाला?” मी विचारलं. त्यावर त्याचे डोळे चमकले. “मामा, ही पेटी पूर्ण पाणबंद आहे. नदी आडवी आली, की हा ट्रेलर पाण्यावर तरंगतो!”

अंगणात क्षणभर कुणी बोललं नाही. ज्या गावात नळाला पाणी आठवड्या-पंधरवड्यानं येतं आणि आलं की माणसं पाहुण्यांना तसंच सोडून हंड्यांकडे धावतात, त्या गावात हा प्राणी सत्तर-पंच्याहत्तर वर्षं तरंगायची वाट पाहत उभा होता.

“तरंगते म्हने!” आई म्हणाली. “आता तेवढं पानी पुन्याहून घेऊन ये रे भाऊ.”

भाच्यानं सुट्टीभर डबा घासला, बुचांना नवे वायसर घातले, आतूनबाहेरून मिलिटरी हिरवा रंग मारला आणि जाताना मला हुकूम सोडला: ट्रेलरला अस्सल खोळ पाहिजे. सुती कॅनव्हास, सुती दोरा, पितळी रिंगा, दोरीनं आवळलेली. “प्लास्टिक टाकलंत, तर मी त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढणार नाही.” ही धमकी होती, हे मला नंतर कळलं.

बोदवडच्या बाजारात ताडपत्रीला तोटा नाही. निळी आहे, पिवळी आहे, एका अंगानं चंदेरी आणि दुसऱ्या अंगानं काळी आहे. दुकानदारानं विचारलं, “सर, मक्यावर टाकायची का कापसावर?”

“ट्रेलरवर.”

“ट्रेलरात काय हाये?”

“काही नाही.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच विषय बदलून कांद्याचा भाव विचारला.

सुती कॅनव्हास मात्र कुणाकडे नाही. हे गाव कापसाचं. हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं चाललं तर डोक्यावरचे केस पांढरे वयामुळे झाले की सरकीच्या धाग्यामुळे, ते सांगता येत नाही. जळगावला 1870च्या दशकात कापडाची गिरणी उभी राहिली, अमळनेरची प्रताप मिल तर खानदेशभर गाजली. आणि एवढ्या कापसाच्या मुलखात मला सहा फुटी डब्यापुरतं जाड सुती कापड मिळेना. शेवटी जळगावला एका जुन्या दुकानात माळ्यावरचा ठाण खाली आला. रंग शेवाळी, वास उंदरांचा. तो मी एसटीनं बोदवडला आणला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं. माझ्या मते ते रास्तच होतं.

शिवायला चाचा. चाचांचं दुकान स्टेशनकडच्या रस्त्याला. रिक्षांचे हूड, जीपांच्या गाद्या, ट्रॅक्टरच्या सीटा हे त्यांचं काम. मशीन काळं, जुनं सिंगर, चाचांच्या वडिलांच्या वेळचं. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळे ते मला नाही म्हणू शकत नाहीत. पण हो म्हणायच्या आधी भरपूर बोलू शकतात.

“सर, रेग्झिन लावतो. दहा वर्षं पाहायचं काम नाही.”

“सुतीच पाहिजे, चाचा.”

“सुती कुजते.”

“कुजू द्या. अस्सल आहे.”

“अस्सल म्हणजे कुजणारं?” चाचा म्हणाले. याला उत्तर नव्हतं.

पण एकदा काम अंगावर घेतल्यावर चाचा गंभीर झाले. टेप घेऊन अंगणात आले आणि ट्रेलरची छाती, कंबर, उंची असं सगळं माप घेऊन वहीत लिहिलं. वरच्याच ओळीत कुणाच्या तरी बुलेटच्या सीटचं माप होतं. मग त्यांनी दोन्ही कर्ण मोजले आणि मान हलवली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दोन बोटं मोठा. कुठल्या तरी रणांगणावर म्हणा किंवा आमच्या वाड्याच्या दरवाज्यात म्हणा, ट्रेलरनं एका कोपऱ्यात मार खाल्लेला होता. म्हणजे चौकोनी खोळ शिवली असती तर ती बसली नसती. चाचांनी कागदाचा साचा कापला, ट्रेलरवर ठेवून प्रत्येक कोपऱ्यावर खडूनं आकडा घातला आणि मला बजावलं, “उलटीसुलटी घालाल तर नाव माझं जाईल.”

मग त्यांनी खरा बॉम्ब टाकला. “आता कापड भिजवून आणा.”

कोरा सुती कॅनव्हास पहिल्या पाण्यात आटतो. आधी शिवून नंतर पाऊस लागला, तर खोळ ट्रेलरच्या काठापर्यंत पोचणार नाही. म्हणून आधी सगळा ठाण रात्रभर बुडवायचा, सुकवायचा, आणि मगच कात्री लावायची. चाचा हे इतक्या सहज म्हणाले, जणू माझ्या परसात तापी वाहते.

हतनूरचं धरण आमच्या गावापासून काही फार लांब नाही. पाणी मात्र लांब आहे. सौ.पुढे अर्ज ठेवला. तिनं पाण्याच्या वाटपाचा क्रम सांगितला: पिणं, स्वयंपाक, अंघोळी, धुणं, भांडी, गाय, तुळस. कॅनव्हासचा नंबर तुळशीनंतर. शिवाय एवढा ठाण मावेल असं भांडं घरात नाही. टिपात तो उभा राहतो, घंगाळात शिरत नाही.

ती स्वतःच अंगणात गेली. ट्रेलरकडे पाहिलं. बुचांकडे पाहिलं. “हा पाणबंद आहे म्हणालात ना?”

पुढच्या नळाच्या दिवशी रबरी नळी थेट ट्रेलरमध्ये सोडली आणि ठाण त्यात बुडवला. आपल्या खोळीचं कापड स्वतःच्याच पोटात भिजवून घेणारा दुसरा ट्रेलर अमेरिकेच्या सैन्यात असेल असं वाटत नाही. सकाळी पाहिलं तर कॅनव्हास हातभर आटला होता. पाणी टिपूसभर आटलं नव्हतं. ट्रेलरखालची जमीन ठणठणीत कोरडी होती. सौ. बराच वेळ तिथे उभी राहिली. एखाद्या वस्तूची किंमत बाईमाणसाच्या डोळ्यांत वाढताना दिसली, की नवऱ्यानं सावध व्हावं. पण माझं लक्ष कॅनव्हास पिळण्यात होतं.

मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन पंचेचाळीस अंशांशी सलगी करतं. ठाण दुपारपर्यंत खडखडीत. मग चाचांचं काम सुरू झालं. कापडाचा पन्हा कमी, म्हणून दोन पट्ट्या जोडाव्या लागल्या. हा जोड त्यांनी साधा घातला नाही. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, त्यावर दुहेरी टीप, आणि दुमडीचं तोंड उताराकडे, म्हणजे पाणी तिथे थांबायला नको. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा ताकदीला भारी, पण सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईनं पाडलेलं भोक आपणच बुजवतो. एवढं सांगून झाल्यावर चाचा म्हणाले, “या एका गोष्टीत तुमचा भाचा शहाणा आहे.” ‘या एका’वर जोर होता.

कपड्याला सोळा नंबरची सुई चालते, इथे एकवीस नंबरची घातली. तरी कोपऱ्यावर कापडाचे आठ थर आले, तेव्हा मशीन कण्हलं आणि सुई मोडून टोक कुठे तरी उडालं. चाचांनी पट्टा काढला आणि चाक हातानं फिरवत एकेक टाका घातला. शेवटचे टाके तसेही जाईनात, तेव्हा आई गोणपाट शिवायचं दाभण आणि मेणानं ओढलेला दोरा घेऊन आली. कोपऱ्याला चुणी घालायची की तिरपं कापून जोडायचं, यावर तिचा आणि चाचांचा वाद झाला. “माह्या गोधड्याचे कोपरे पाहा,” आई म्हणाली. चाचांनी पाहिले. चुणी घातली.

रिंगा पितळी, पण नुसत्या कापडात ठोकल्या तर दोरी आवळल्याबरोबर उपटून येतात. म्हणून प्रत्येक रिंगेखाली कातड्याचा तुकडा. मधोमध पाण्याचं तळं साचू नये म्हणून चाचांनी एक बांबूची कमान दिली. ती कंपनीनं दिली नव्हती हे भाच्यानं फोनवर सांगितलं. “कंपनीले बोदवडचा पाऊस माहीत नाही,” चाचा म्हणाले. बोदवडला तरी कुठे नीट माहीत आहे!

उरलं मेण. मेण आणि जवसाचं तेल एकत्र कोमट करून खोळीला चोळायचं, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. घरात जवस म्हटलं की चटणी; तेलाची बाटली ट्रेलरवर उपडी होताना पाहून आईनं देवाचं नाव घेतलं. इथे एक धोक्याची सूचना करून ठेवतो: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. उरलेलं काम उन्हानं केलं. मेण दुपारी वितळून सुतासुतात शिरलं.

खोळ बसली. आकड्यांतून दोरी फिरवली, आवळली, आणि ट्रेलर एकदम युद्धावर निघाल्यासारखा दिसू लागला. भाच्याला फोटो पाठवला. त्यानं लगेच व्हिडिओ कॉल केला. “मामा, जरा दोरी सोडून आतला भाग दाखवा ना.”

दाखवला. आत काठापर्यंत पाणी होतं.

“मामी!” तो ओरडला. “गंज चढेल! त्याचं ओझं फक्त 500 पौंडांचं आहे!”

“एक्सलखाली विटा लावल्यात,” सौ. म्हणाली. “सातशे लिटर मावतं. वापरायचंच आहे, पिण्याचं नाही. आणि तूच म्हणालास ना, बाहेरचं पाणी आत येत नाही? मग आतलं बाहेर कसं जाईल?”

यावर बँटम कंपनीकडेही उत्तर नसावं. भाचा एवढंच म्हणाला, “निदान खोळ तरी अस्सल आहे.” ती अस्सल होतीच. फक्त पाणी बाहेर ठेवायला शिवलेली खोळ आता पाणी आत ठेवत होती. धूळ नाही, पानं नाहीत, कोंबडी नाही.

पाऊस लागल्यावर डेंग्यूच्या तपासणीला आशाताई घरोघर फिरू लागल्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा, असं त्या सांगत होत्या. बोदवडला कोरडा दिवस पाळायला सांगणं ही मला थट्टाच वाटली, पण बोललो नाही. त्यांनी टिपं पाहिली, हंडे पाहिले आणि ट्रेलरपाशी थांबल्या. मी संधी साधून बटलर, प्रॉब्स्ट, विलीज, फोर्ड सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे एक कोपरा उचलला, बॅटरी मारून अळ्या आहेत का पाहिलं, दोरी ओढून पाहिली आणि वहीत लिहिलं: ‘टाकी 1. झाकण चांगले.’