काकूंची सीट

अहो वहिनी, जरा अशा इकडे या, कुंपणाला लागून. आप्पा-काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे, म्हणून म्हटलं. ऐकलंत का? आप्पांची बुलेट आली परत! काल तिन्हीसांजेला, टेम्पोत उभी करून, चारी बाजूंनी दोऱ्या बांधून. अष्टमीच्या पुलापासून पोरं मागं धावत आली म्हणे. आणि उतरवली तेव्हा आप्पांच्या घरातल्या माणसांपेक्षा बाहेरचीच माणसं जास्त होती. मी आपली तुळशीला पाणी घालत होते.

कुठली बुलेट ते काय सांगायचं तुम्हाला. शेडखाली ताडपत्री पांघरून उभी असायची तीच. जिच्या सीटच्या स्पंजात मांजर व्यायली होती. आप्पा धाटावला कंपनीत लागले तेव्हाची, एमएच-०६ यायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर तिचा. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक. आमच्या ह्यांनी एकदा मागून घेतली होती दमखाडीपर्यंत, आणि ब्रेक समजून… जाऊ दे, साऱ्या आळीला ठाऊक आहे ते.

तर काय सांगत होते… हं, धाकटा. पुण्याला असतो ना, कॉम्प्युटरवाला. गणपतीत आला, ताडपत्री उचलली आणि म्हणाला, "बाबा, हिचा मी बॉबर करून घेतो." काकू म्हणाल्या, "बॉबी? ती ऋषी कपूरची छोटी राजदूत?" त्र्याहत्तर सालचा पिक्चर, पण काकूंना गाडीसकट आठवतो बघा. पोरगा कपाळाला हात लावून बसला. मग समजावलं त्यानं. मडगार्डं कापून आखूड करायची, हँडल खाली घ्यायचं, टायर जाड, क्रोम काढून सगळं काळं. आणि सीट एकच. नीट ऐका हं वहिनी, एकच.

आप्पा म्हणाले, "असले उद्योग चांगल्या घरचं कोण करतं रे?" तर पोरानं मोबाइलवर काढून दाखवले ते वर्दे. अक्षय वर्दे हो! समीरा रेड्डीचा नवरा! आधी विमान कंपनीत नोकरीला होता, ते सोडून बुलेटी उघडून नव्या घडवायला लागला. आणि कंपनीचं नाव काय ठेवलं, तर 'वर्देंची'. मला तर बाई फार आवडलं. मराठी माणूस एवढ्या फॅशनच्या धंद्यात पडतो आणि पाटीवर स्वतःचं आडनाव लावतो. २०१४ च्या जानेवारीत लग्न झालं त्यांचं, तेही मराठी पद्धतीनं. आणि सासूबाई, मंजरी वर्दे, चित्रकार आहेत, सुनेबरोबर कसल्या धमाल रील करतात! मी एक चुकवत नाही. आप्पा मात्र फोटो बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "वर्दे म्हणजे आपल्यातलेच की." झालं, परवानगी मिळाली.

आता आपली गाडी काही त्यांच्याकडे नाही गेली. पनवेलकडे दुसरंच एक वर्कशॉप आहे, जुन्या गाड्याच करतात फक्त, तिथं गेली. साधं गॅरेज नाही हो. एकेका गाडीला महिनोन्‌महिने. त्या माणसानं आधी काय मागितलं असेल? पैसे नाही, आरसी बुक! चेसिसवरचा नंबर पुसून पुसून बघितला, बुकाशी ताडून पाहिला आणि म्हणाला, फ्रेमला मी करवत लावणार नाही. जे करायचं ते बोल्टनं बसवेन, उद्या काढता आलं पाहिजे. माझा भाचा पेणला आरटीओची कामं करतो ना, तो म्हणतो, शहाणा आहे तो मिस्त्री. कारण कंपनीनं जशी गाडी दिली तशीच राहिली पाहिजे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे तसं, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही तेच ठासून सांगितलंय. रंग बदललात तरी बुकात नोंद पाहिजे. पंधरा वर्षं झाली की पुढं दर पाच वर्षांनी गाडी घेऊन पेणला हजेरी. तिथला साहेब बॉबर-बिबर बघत नाही, नंबर बघतो.

सायलेन्सरचंही तसंच. धाकट्याला आखूड, फाट फाट करणारा हवा होता. आप्पा म्हणाले, "बातम्यांत बघितलास ना, पोलीस ढीग घालून रोडरोलर फिरवतात ते? माझ्या सायलेन्सरला हात लावायचा नाही." तो राहिला.

पण खरी मजा पुढंच आहे. मध्येच एकदा काम बघायला म्हणून सगळी गेली, आप्पा, काकू, धाकटा, सूनबाई. मला काकूंनीच सांगितलं, मागं एकदा वाल सोलायला बसलो होतो तेव्हा. तर आत गेल्या गेल्या टेबलावर इंजिन! सगळं सुटं. बिडाचा ब्लॉक बोअर करायला काढलेला, पिस्टन नवा, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवायचं चाललेलं. आप्पांचं तोंड असं झालं, ऑपरेशन थिएटरचं दार चुकून उघडल्यासारखं. भिंतीला टेकूनच उभे राहिले. मिस्त्रीनं खुर्ची दिली तर बसेनात. शेवटी विचारलं काय, तर "अँपिअर मीटर ठेवणार ना?"

तुम्हाला माहितीये ना त्यांचं ते? गाडी चालू करायची म्हणजे पूजाच असायची. आधी ती बारकी दांडी दाबून कीक हळूहळू खाली न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, दांडी सोडायची आणि मग मारायची लाथ. चुकलं तर कीक उलटी येऊन नडगी फुटायची. हल्लीच्यांना बटण असतं. मिस्त्री म्हणाला, "मीटर राहील, कीकही राहील, गिअरही उजवीकडेच." तेव्हा कुठं आप्पा खुर्चीत बसले.

आणि काकू? काकू बघत होत्या सीटकडे. एकच, छोटी, चामड्याची, खाली दोन स्प्रिंगा. मागं काहीच नाही, नुसतं चाक. काकू म्हणाल्या, "आणि मी?"

अहो, सगळे गप्प! धाकट्याचं तोंड खर्रकन उतरलं. तरी बोलायचं ते बोललाच, "आई, तुझे गुडघे दुखतात, आता तू कुठं बसणार आहेस?" काकू म्हणाल्या, "ते मी ठरवीन." बस्स. एवढंच. आणि गेल्या कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगाकडे. तिथं काय सापडलं सांगा! साडी-गार्ड! मागच्या चाकाला डाव्या अंगाला असते ना ती जाळी, तीच. पोचा आलेली. तो पोचा कसा पडला तेही मला ठाऊक आहे, पण ते नंतर… नाही, आत्ताच सांगते. धावीर महाराजांच्या पालखीला आले होते दोघं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोलिसांची सलामी झाली, बंदुकीचा बार उडाला आणि कुणाचा तरी बैल बुजला. बाकी तुम्हीच समजा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. तर काकूंनी ती जाळी उचलली, पदरानं पुसली आणि सरळ जाऊन कारमध्ये ठेवली. कोण काय बोलणार?

बोलली सूनबाई! हो हो, तीच, जी इथं कुणाशी धड बोलत नाही म्हणून आपण म्हणायचो. तिनं नवऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आणि मला कुठं बसवणार होतास?" धाकटा कानापर्यंत लाल. मिस्त्री खाली बघून पाना पुसत होता म्हणे, पण खांदे हलत होते.

मग मी भाच्याला फोन लावला. म्हटलं विचारून तर ठेवावं. तर नियमातच आहे हो! केंद्रीय मोटार वाहन नियम, १२३ नंबरचा. मागं बसणाऱ्याला धरायला मूठ पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट पाहिजे आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं पाहिजे, कपडे अडकू नयेत म्हणून. मी लगेच काकूंना सांगितलं. काकूंनी आप्पांना, आप्पांनी पोराला, पोरानं मिस्त्रीला. मिस्त्री काय म्हणाला, "मला माहीतच होतं, पण गिऱ्हाईक ऐकेल तर ना."

आता काल आली ती कशी आली बघा. सगळी काळी, टाकीवर तेवढी हातानं ओढलेली सोनेरी रेघ. पुढं ती स्प्रिंगांची सीट, आणि मागं चार बोल्टांवर काकूंची गादी, तसल्याच चामड्याची. डावीकडे साडी-गार्ड, पोच्यासकट. पोचा काढू नका म्हणून काकूंनी स्वतः फोन केला होता. ती जाळी मात्र काळी नाही केली, नवं क्रोम चढवलंय, चमकते नुसती. टेम्पोमागची पोरं हसली, म्हणे हा कसला बॉबर. धाकटा चूप. मला विचाराल तर दिसते झकास. नुसती एका सीटची गाडी म्हणजे घरात असून नसल्यासारखीच.

खर्च? नको बाई, शपथ घातलीय काकूंनी. आप्पांना अजून खरा आकडा माहीत नाही. बरं, एवढंच सांगते, तेवढ्यात नवी कोरी आली असती आणि वर दोन हेल्मेटं. पण तुम्ही बोलू नका हं कुणाला. हेल्मेटावरूनही वाजलंच, काकू म्हणतात अंबाड्यावर बसत नाही…

अय्या, ते राहिलंच की. आमच्या ह्यांनी काल उतरवताना गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. घरी आल्यापासून गप्प. जेवताना मध्येच म्हणाले, आपली चेतक चालू होईल का गं? मी म्हटलं, चोवीस तास पावसात पडलेली ती, गंजून गेली असेल. काही बोलले नाहीत. रात्री अकरा वाजता बघते तर बॅटरी घेऊन मागच्या पडवीत. विचारलं, काय शोधताय? तर म्हणे, उंदीर. वहिनी, उंदीर शोधायला कुणी पाना घेऊन जातं का हो?