पाहुणे आणि पॅन

नवेगाव बांधच्या तलावावर परदेशी बदकं दर हिवाळ्यात येतात. वर्षाला ६० दिवसांवर मुक्काम, मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरलेले. म्हणजे आयकर कायद्याने निवासीच! तरी पॅन कुणी मागत नाही. मागतात ते धान कापून हैदराबादला बांधकामावर जाणाऱ्या मुकादमाकडे. ठेक्याचं मोठं बिल त्याच्या नावावर निघालं की १ टक्का टीडीएस. पॅन नसेल, किंवा आधारशी जोडलेलं नसेल, तर थेट २० टक्के. उत्पन्न करपात्र नसलं तरी कपात होतेच. सरकार पैसे परत देतं हो, फक्त चालू पॅन हवं आणि विवरणपत्र ऑनलाइन भरायचं. पडताळणीचा आधार ओटीपी मात्र मागच्या बांधकामावर हरवलेल्या सिमवर जातो. तेव्हा गड्यांनो, गाडीत बसण्याआधी आधारवरचा मोबाइल नंबर तेवढा बदलून घ्या.