मामाकडून सप्रेम

परवा तलावप्रेमींची बैठक विश्रामबागला झाली. सांगलीकर मिरजेला जायला तयार नव्हते, मिरजकर सांगलीला यायला. अशा वेळी मधोमध विश्रामबाग पडतं. विषय होता, सांगलीची काळी खण आणि मिरजेचा गणेश तलाव यांच्या पाण्यासाठी दोन्ही शहरांनी खांद्याला खांदा लावणे. खांदे भरपूर आले होते. शाली कमी पडल्या.

सुरुवातीला, ज्यांचा मुलगा सिएटलला असतो अशा एका काकांनी चित्रं दाखवली. (विश्रामबागला प्रत्येक गल्लीत असे एक काका असतात. थंडीतही अर्धी चड्डी घालून फिरायला निघतात ते.) तिथं लेक वॉशिंग्टन नावाचं मोठं सरोवर आहे. भोवतालची गावं आपापलं सांडपाणी प्रक्रिया करून त्यात सोडायची, रोज कोट्यवधी लिटर. प्रक्रिया झाली तरी फॉस्फरस पाण्यात राहायचाच, आणि शेवाळाला तेवढं पुरतं. शेवटी शेवाळ इतकं माजलं, वास इतका सुटला, की पेपरवाल्यांनी सरोवराला हिणवणारं टोपणनाव ठेवलं. 1958 च्या मार्चमध्ये सगळ्या गावांनी मिळून काहीतरी करावं म्हणून मतदान घेतलं, ते पडलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा घेतलं, ते पास झालं. मग सरोवराभोवती मोठाल्या वाहिन्या टाकून सगळं सांडपाणी अडवलं आणि दुसरीकडं वळवलं. 1968 पर्यंत काम संपलं.

सभागृह शांत. वाहिन्या, सांडपाणी, मतदान, दहा वर्षं... कुणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मग काकांनी शेवटचं चित्र लावलं. पाणी किती स्वच्छ झालं हे तिथं ताटलीवर मोजतात. सेक्की चकती म्हणतात तिला. 1865 पासून चालत आलेली युक्ती आहे. दोरीला बांधून ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. 1964 साली ती 76 सेंटिमीटरवरच दिसेनाशी व्हायची, 1968 साली पावणेतीन मीटरपर्यंत दिसायला लागली.

ताटली म्हटल्यावर सभागृहाला जाग आली.

“ताट कुठलं घ्यायचं ओ?” सांगलीच्या बाजूनं प्रश्न आला. काका म्हणाले, साधारण वीस सेंटिमीटरचं, चार भाग पाडून काळं-पांढरं रंगवलेलं. “वीसचं? ती नाष्ट्याची डिश झाली की. आमच्याकडं ताट म्हणजे ताट असतंय,” मिरजेची बाजू उसळली. काकांनी चुकून सांगितलं की समुद्रावर तीस सेंटिमीटरचंही वापरतात. झालं! मिरजेनं तीसचा आकडा धरला तो सोडला नाही. गणेश तलाव समुद्र नाही हे पटवण्यात पाऊण तास गेला, आणि ते पूर्ण पटलं असंही नाही. मग दोरी नायलॉनची की सुंभाची, दोरीला गाठी सांगलीकरांनी मारायच्या की मिरजकरांनी, ताट सोडताना नावेच्या कुठल्या अंगाला बसायचं, यावर तीन उपसमित्या झाल्या. काका सांगत होते, नावेच्या सावलीकडच्या अंगाला बसायचं, वेळ दुपारची धरायची. ताट दिसेनासं होतं ती खोली, वर ओढताना पुन्हा दिसतं ती खोली, आणि दोन्हींची सरासरी. “सरासरी दोन्ही शहरांची का?” एकानं विचारलं. काकांनी पाणी मागितलं. बाटलीतलं.

या सगळ्या वेळात ‘नाला’ हा शब्द एकदाही आला नाही. मी मोजत होतो. तळ्यात काय येतं, कुठून येतं, कुणाच्या मोरीतून येतं, हे विचारायला तोंडं नव्हती. ताट केवढं हे विचारायला चाळीस होती. आणि हे म्हणे सहकार्य शिकायला निघाले! सहकार या जिल्ह्याला शिकवायचा? उसापासून दुधापर्यंत आम्ही काय सहकारात केलं नाही? पाण्यातलं आमचं सहकार्य तर कधीपासून अखंड चालू आहे : शेरीनाला सांगलीत कृष्णेला मिळतो, हरिपूरला वारणा येते, आणि सगळं मिळून मिरजेच्या कृष्णाघाटाकडं जातं. सांगली देते, मिरज घेते, पुढं नरसोबावाडीला पंचगंगा आपला वाटा घालते. त्याला ना बैठक लागली, ना शाल, ना उपसमिती. थांबवायचं म्हटलं की मात्र लगेच हद्द आठवते, निधी आठवतो, आणि तळ्याकाठी बाकडं टाकायची, फरशा बसवायच्या, दिवे लावायचे, त्या दिव्यांत ते हिरवं पाणी पाचूसारखं चमकवायचं, त्याला सुशोभीकरण म्हणायचं! उकिरड्यावर रांगोळी घालणाऱ्या बाईला गाव हसतं. इथं रांगोळीसमोर सेल्फी काढतात.

असो. माझा रक्तदाब हा तलावाचा विषय नाही.

शेवटी तडजोड झाली. ताट पंचवीसचं. विकत आणायचं तर तीन दरपत्रकं हवीत, म्हणून कुणीतरी घरून द्यावं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी जवळ राहतो. आमच्या लग्नातलं स्टीलचं ताट होतं, मोजून पंचवीस. त्याच्या पाठीवर नाव घातलेलं : ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम’. बायको माहेरी गेली होती. एरवी ते ताट घराबाहेर गेलं नसतं, मी गेलो असतो.

रविवारी गणेश तलावावर मोजणी झाली. ताट रंगवून आणलं होतं, सुंदर दिसत होतं. नाव मिळाली नाही, म्हणून काठावरूनच सोडलं. हार घालून, नारळ फोडून, फोटो काढून. हार पाण्यात गेला, नारळाचं पाणीही. ताट वीतभर खाली गेलं आणि दिसेनासं झालं. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, “बघा, किती खोल आहे तळं!”

सांगलीच्या मोजणीला तेच ताट न्यायचं ठरलं होतं. पण समारोपाला स्मृतिचिन्ह आणायचं राहून गेलं होतं, आणि ताट समोरच होतं, रंगीत, गोल, पुसून लख्ख केलेलं. ते प्रमुख पाहुण्यांच्या हातात गेलं. पाहुण्यांनी ते उलटं केलं, चष्मा लावला आणि माइकवरून सावकाश वाचलं, “मामाकडून सप्रेम.” क्षणभर थांबून त्यांनी खाली बघितलं. “मामा कोण?”

चाळीस बोटं माझ्याकडं वळली.

बायको गुरुवारी परत येतेय.