अकरा किलो

आमच्या ट्रेकच्या ग्रुपात त्यांचं खरं नाव आता कुणी घेत नाही. पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेच्या वजनावरून ते ‘अकरा किलो’. डबा आणि पाणी त्यात धरलेलं नाही. ते वहिनींच्या सॅकमध्ये असतं.

पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना आम्ही धापा टाकतो, हे शिकवतात. “सोळा-पस्तीसच्या लेन्समध्ये सगळं मावतं, पण समोरचा डोंगर ढेकळाएवढा होतो. वाइडला पायाशी काहीतरी हवं. एखादा दगड!” मग दगड शोधतात. हरिश्चंद्रगडावर दगड शोधावा लागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सापडला की कलिंगड निवडावं तसे त्याच्याभोवती फिरतात आणि नापास करतात.

“एफ बावीस मेलो तरी नाही!” छिद्र फार बारीक केलं की प्रकाश कडांशी पसरतो, अख्खं चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा चोवीसची लेन्स, एफ अकरा, फोकस पावणेदोन मीटरवर. दोन हातांवरच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळं नीट. हे खरं आहे, मी करून पाहिलंय. त्यांचं ऐकून माझे फोटो सुधारले. त्यांचे अजून कुणी पाहिलेले नाहीत.

ॲन्सेल ॲडम्स आणि मंडळींनी 1932 मध्ये काढलेल्या ग्रुपचं नावच ‘एफ चौसष्ट’ होतं, असं मी एकदा बोलून गेलो. “त्यांचा कॅमेरा केवढा होता!” म्हणाले, आणि चुलतभावानं वाटणीचा विषय काढावा तसं माझ्याकडे पाहिलं.

कोकणकड्यावर पोचलो तेव्हा सूर्य उतरणीला, खाली दरीत ढग. त्यांनी ट्रायपॉड रोवला, वाऱ्यानं हलू नये म्हणून बॅग खाली टांगली (अकरा किलोंचा पहिला उपयोग), दहा स्टॉपचा एनडी फिल्टर चढवला. प्रकाश हजारपट कमी. पाव सेकंदाचं काम चार मिनिटांवर.

“अहो, सूर्य बघा!”

“थांब, एक्स्पोजर चालू आहे.”

चार मिनिटं संपली. दुसऱ्या फ्रेमसाठी वाकले तर कॅमेरा हूं की चूं करेना. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करायचं राहिलं होतं. म्हणजे जेवढा वेळ फोटोला, तेवढाच वेळ कॅमेरा आतल्या आत नुसत्या काळोखाचा फोटो काढणार. सूर्य क्षितिजावर टेकला, चपटा झाला, बुडाला. अकरा किलो स्क्रीनवर नाक टेकवून ‘बिझी’ वाचत होते.

“रंग कसा होता गं?”

वहिनींनी पुडी पुढे केली. “या शेवेसारखा. घ्या, उरलीय थोडी.”