नेतृत्वाच्या तासाला गैरहजर

मिरजेत आमचा एक गट आहे. त्याला नोंदणी नाही, घटना नाही, बँकेत खातं नाही. पण अध्यक्ष आहेत. त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. कधीतरी कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "काय अध्यक्ष, चहा येणार आहे का नाही?" आणि चहा आला. तेव्हापासून ते अध्यक्षच. खरं नाव त्यांच्या दुकानाच्या परवान्यावर असेल.

गट आहे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या जुन्या स्वयंसेवकांचा. एनएसएस म्हटलं की शिवाजी विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजातून बाहेर पडलेल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : वर्षाचे १२० तास भरल्याची वही आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्तानं १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांतली ४० हजार मुलं घेऊन ही योजना सुरू झाली, हे प्रत्येक शिबिराच्या उद्‌घाटनाला प्रत्येक पाहुणा नव्यानं सांगायचा आणि आम्ही नव्यानं टाळ्या वाजवायचो.

आमचं शिबिर तालुक्याच्या पूर्व भागात होतं. मिरज तालुक्याची गंमत अशी, की पश्चिमेला कृष्णेचा पूर आणि पूर्वेला पाण्याचा टँकर. सकाळी शोषखड्डे खणायचे, दुपारी बौद्धिक ऐकायचं, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम करायचे. पाचव्या दिवशी दुपारी, जेवणावर आडवा हात मारल्यानंतर, ‘नेतृत्वगुण विकास’ हा विषय होता. वक्ते सांगलीचे. नेता कसा ओळखावा, नेत्यानं कसं उभं राहावं, कसं ऐकून घ्यावं आणि कामं कशी वाटून द्यावीत, हे त्यांनी दोन तास इतकं तब्येतीत समजावलं, की मांडवात शिरलेली सगळी पोरं बाहेर पडताना नेते होती. तासाला एकच जण गैरहजर होता. स्वयंपाकघरातला गॅस संपला म्हणून तो सायकलच्या कॅरिअरला रिकामं सिलिंडर बांधून गेला होता. परत आला तेव्हा आभारप्रदर्शन चाललेलं. प्रमाणपत्र मात्र त्यालाही मिळालं.

ते आमचे अध्यक्ष.

त्या दुपारचे परिणाम आम्ही अजून भोगतोय. आमच्यात जो उठतो तो नेता आहे. कुणी नगरसेवकाचा उजवा हात आहे, कुणी सोसायटीचा चेअरमन, कुणी मुख्याध्यापक, तर दोघे-तिघे नुसतेच मार्गदर्शक. अनुयायी म्हणाल तर एकटे अध्यक्ष. योजनेचं बोधवाक्य ‘नॉट मी, बट यू’. काम निघालं की आमचा प्रत्येक सभासद बोधवाक्याला जागतो आणि शेजाऱ्याकडं बोट दाखवतो.

बैठक भरते अध्यक्षांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. दुकान औषधाचं, त्यामुळं बसायला सलाईनचे खोके. एकदा रक्तदान शिबिराच्या फलकावर नावं कुठल्या क्रमानं टाकायची, यावर चर्चा रंगली. रक्ताचा विषय शेवटपर्यंत निघालाच नाही. वयानं घ्यावीत, तर महिला सभासदांची हरकत. वर्णानुक्रमानं घ्यावीत, तर ‘ह’वाले हयातभर तळाशीच राहणार. तेव्हा अध्यक्षांनी तोडगा काढला. आमच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यरथाचं चाक असतं. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार असा त्याचा अर्थ. त्या चाकाभोवती गोल नावं छापायची. गोलाला वर-खाली नसतं. सगळे खूश. फलक आला, टांगायची वेळ झाली, आणि चाक गोल असलं तरी फलक चौकोनी असतो हे ध्यानात आलं. शिडीवर चढलेल्या पोराला खालून सूचना सुटल्या : "थोडं फिरव की! अजून थोडं!" अखेर अध्यक्षांनी फलकाची गुंडाळी करून शिडीखाली सारली आणि दारावर खडूनं लिहिलं, ‘रक्तदान इथे’. खाली बाण. त्या बाणाइतकं उपयोगी लेखन आमच्या गटात दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मग ही माणसं कामाला येतात तरी का? आधी मला वाटायचं, अध्यक्षांच्या चिकाटीपुढं हात टेकतात म्हणून येतात. ते काही प्रमाणात खरंही आहे. त्यांचा फोन ठरलेल्या वाक्यानं सुरू होतो : "काय करालायस?" गाफील माणूस म्हणतो, "काही नाही, बसलोय." संपलं! अनुभवी माणूस म्हणतो, "कामात आहे." त्याला पुढचा प्रश्न : "किती वाजता सुटतोस?" व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा विश्वास नाही. नुसता अंगठा दाखवला तर तो माणूस येणार नाही, हात जोडले तर नक्की येणार नाही, आणि "अतिशय स्तुत्य उपक्रम" असं लिहिलं तर तो त्या दिवशी गावातसुद्धा असणार नाही, असं त्यांचं शास्त्र आहे. ज्यानं काहीच उत्तर दिलं नाही त्याचा चहा ते धरून चालतात.

पण खरी मेख वेगळी आहे, आणि ती मिरजेत राहिल्याशिवाय कळायची नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल काढलं. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आणि आता एक गल्ली अशी दाखवा, जिथं पाटीवर डॉक्टरांची पदवी नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर, जतपासूनची माणसं दुखणं घेऊन मिरजेला येतात. म्हणजे आमचा सभासद नोकरीसाठी पुण्याला जाऊ दे नाहीतर बेंगळुरूला, त्याचे वडील मणक्यासाठी किंवा हृदयासाठी एक ना एक दिवस मिरजेलाच आणले जातात. मुलगा मध्यरात्रीच्या गाडीनं धापा टाकत पोचतो, तर बापाच्या खाटेशेजारी थर्मास घेऊन अध्यक्ष बसलेले. "आलास? काही काळजी करू नको. मोठ्या डॉक्टरांशी बोललोय. वहिनीनं मऊ भात पाठवलाय. रक्ताची एक पिशवी लागंल, दोघं येतायत सकाळी."

कधी कुणाकडून एक पैसा नाही, आभाराचा शब्दही ऐकून घेत नाहीत. चार महिन्यांनी फोन येतो. "काय करालायस? बाबा कसे आहेत?" यातला दुसरा प्रश्न ऐकल्यावर ज्याला नाही म्हणता येईल असा नेता अजून जन्मायचा आहे. सावकारीचे पुष्कळ प्रकार मी पाहिले. मुद्दल न मागता आयुष्यभर श्रमदानाच्या रूपानं व्याज वसूल करणारा हा एकटाच. बरं, आपण सावकार आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. ते खरंच बाबांची चौकशी करत असतात.

जे आजारी पडत नाहीत ते जंक्शनवर सापडतात. मिरजेला गाडी थांबते तेव्हा ती रेल्वेच्या कारणानं थांबते असं लोकांना वाटतं. आमच्या सभासदांना माहीत आहे, की डब्याच्या खिडकीत कुठल्याही क्षणी अध्यक्षांचा चेहरा उगवेल. एका हातात भडंगाचा पुडा, दुसऱ्या हातात वह्यावाटपाची पावती. गाडी सुटेपर्यंत जुन्या शिबिराच्या आठवणी, आणि गाडी सुटता सुटता पावती. रेल्वेत पळून जाऊन जायचं कुठं?

त्यांची एक डायरी आहे. औषध कंपनीनं दिलेली, वर्ष कुठलंही. त्यात नावासमोर हुद्दा नाही, मानसन्मान नाहीत. रक्तगट आहे, गाडी कुठली आहे, ती स्वतःची की सासऱ्यांची, सकाळी किती वाजता उठतो, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे आणि कशावरून. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. हा हिशेब ते कॅलेंडरवर ठेवतात. एका लग्नात, ऐन पंगतीत, त्यांनी तालुक्यातल्या एका वजनदार माणसाला पाठीमागून हाक मारली, "अहो बी निगेटिव्ह! तुमचे तीन महिने गुरुवारी संपले." त्या गृहस्थांनी जिलबीचा तुकडा तोंडात तसाच धरून मान हलवली.

दंडोबाच्या डोंगरावर झाडं लावायला जुलैत आमचे यच्चयावत नेते हजर असतात, कारण झाड लावताना फोटो निघतो. एप्रिलात त्याच झाडांना कॅननं पाणी घालताना फोटोत येतो तो नुसता घाम. तेव्हा अध्यक्ष, त्यांचा मेहुणा आणि वडील नुकतेच बरे होऊन घरी गेलेला एखादा सभासद. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी होतं. त्या दिवशी स्टेशनाकडं जायला आमच्या गटात कुणाला फोन करावा लागला नाही. रेल्वेला आमच्या मदतीची काडीइतकी गरज नव्हती. उपस्थिती पूर्ण होती, गैरहजर फक्त अध्यक्ष. दंडोबावरच्या झाडांना पाणी घालायचा वार होता.

वहिनींना याबद्दल विचारलं तर त्या शांतपणे सांगतात, "मला लग्नाआधी म्हणाले, शिबिर सात दिवसांचं असतं. मी म्हटलं, सातच ना, मग हरकत नाही."

एवढ्या नेत्यांकडून प्रत्यक्ष काम कसं करून घ्यायचं, हे मात्र ऑगस्ट २०१९ च्या पुरात दिसलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. मिरजेचा कृष्णाघाट पाण्यात होता, पण गाव उंचावर, म्हणून सांगलीची आणि नदीकाठच्या गावांची माणसं मिरजेच्या शाळांत, कार्यालयांत येऊन उतरली. आमचे नेते पहिल्याच सकाळी एका शाळेत जमले आणि नियोजन कुणी करायचं यावर उभ्या-उभ्या वाद सुरू झाला. आत लहान मुलं रडत होती.

अध्यक्ष कोपऱ्यात जाऊन डायरीच्या पानांचे चतकोर करत बसले होते. ते त्यांनी वाटले. प्रत्येक चतकोरावर एक पद. पाणी बाटली विभाग प्रमुख. बिस्किट विभाग प्रमुख. चटई प्रमुख, दोरी प्रमुख, दूध प्रमुख (सकाळ), दूध प्रमुख (संध्याकाळ). हाताखाली कुणीच नाही, कारण सगळेच प्रमुख. त्यामुळं चटई प्रमुखाला स्वतःच चटया उचलाव्या लागल्या, आणि त्यानं त्या उचलल्या. पद मिळालेला माणूस काय वाट्टेल ते उचलतो. ज्याला भाषणाचा सोस होता त्याला चुकलेल्या माणसांची नावं पुकारायला माईकवर बसवलं. त्याचा घसा बसला, पण एक म्हातारी आणि तिची सून एकमेकींना सापडल्या. बोलणं बंद असलेल्या दोघांना अध्यक्षांनी मुद्दाम सकाळचं आणि संध्याकाळचं दूध दिलं होतं. पातेलं एकच असल्यानं दुपारी ते एकमेकांच्या हवाली करावं लागायचं. तिसऱ्या दिवशी पातेल्याबरोबर चार शब्दही जायला लागले. ‘माजी बिस्किट विभाग प्रमुख (महापूर)’ असं एकानं पुढं व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं, आणि ते कार्ड माझ्याकडं आहे.

पूर ओसरल्यावर अध्यक्षांचा सत्कार झाला. मिरजेतला सत्कार म्हटला की तंबोरा आलाच. इथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते फार पुढं. भाषणांत मात्र त्यांना आधीपासूनच मान मिळत आला आहे. मुख्याध्यापक म्हणाले, अध्यक्ष आमचा तंबोरा आहेत, ते स्वतः गात नाहीत पण सगळ्यांना सुरात ठेवतात. सभागृह गहिवरलं. सत्कारमूर्ती खुर्चीवर नव्हतेच. ते पाठीमागच्या दारात चहावाल्याला विचारत होते, "बिनसाखरेचे किती आणलेस?" तीस वर्षांत आमच्यातल्या किती जणांना मधुमेह झाला, हे डायरीत होतं.

गेल्या वर्षी काही जाणत्या मंडळींनी ठरवलं, की हे असं मोघम चालणार नाही. रीतसर संस्था काढायची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं पुरतात, आपण तर ढिगानं आहोत. घटना लिहिली गेली, निवडणूक लागली. अध्यक्षपदाला नऊ अर्ज आले. खजिनदारपदासाठी दोघांना समजवावं लागलं. सचिवपदासाठी एकही नाही. आमच्या अध्यक्षांनी अध्यक्षपदाचा अर्ज भरला नाही, आणि त्यांनी तो भरावा असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण ते अध्यक्ष आहेतच असं सगळे धरून चालले होते. मतदारयादी त्यांनी केली, मतपेटी म्हणून सलाईनचा खोका दिला, मतमोजणीही केली.

निवडून आलेल्या गृहस्थांनी पाऊण तास पुढच्या पाच वर्षांचा संकल्प मांडला. टाळ्या झाल्या, हार झाले, लोक पांगले. मग ते हार सावरत दुकानाच्या काउंटरपाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"अध्यक्ष, आता पहिल्यांदा काय करायचं असतं?"

"दोन खोके धर की," अध्यक्ष म्हणाले, "दार बंद करायला अडचण होतीय."

नव्या अध्यक्षांनी दोन खोके उचलून आत ठेवले. तेवढ्यात जुन्यांनी डायरी काढली, नव्यांचं पान शोधलं आणि पेन्सिलीनं लिहिलं : ओ पॉझिटिव्ह. बुलेट, स्वतःची. सकाळी उठत नाही. सांगितलं तर वजन उचलतो.