तात्यांचा बंदोबस्त

गावात काहीही बिघडलं की त्याचा 'बंदोबस्त' सुचवणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो. आमच्या केममध्ये हे पद तात्यांकडे आहे आणि ते बिनविरोध आहे. करमाळा तालुक्यातलं आमचं केम बाहेर ओळखलं जातं ते कुंकवासाठी. दौंड-सोलापूर मार्गावर गावाचं स्टेशन आहे, गावात उत्तरेश्वराचं देऊळ आहे. पण परगावचा माणूस चहाच्या टपरीवर जरा टेकला, की कुंकू आणि उत्तरेश्वर यांच्याआधी त्याच्या कानी पडतं ते तात्यांचं मत : "गोळ्या घाला समद्यास्नी!"

समद्यास्नी म्हणजे रानातल्या जनावरांना. गोठ्यातली जनावरं तात्यांची लेकरं. त्यांना शिंक आली तरी दोष रानाचा. गाईला लाळ सुटली की रानडुक्कर, म्हैस गाभडली की कोल्हा, शेळी हगवणीला लागली की लांडगा, आणि नुसतंच दूध कमी झालं तर हरीण, अशी आरोपींची यादी तात्यांना तोंडपाठ आहे. पंचनामा, साक्षीपुरावा वगैरे सोपस्कार त्यांच्या कोर्टात नसतात. तर्जनी पुढं, अंगठा वर, एक डोळा बारीक, की निकाल लागला. खरी बंदूक त्यांनी उभ्या आयुष्यात हातात धरलेली नाही. मात्र बोटांची बंदूक कायम भरलेली असते, आणि ती रोखताना दुसऱ्या हातातल्या बशीतला चहा एक थेंबही सांडत नाही.

या बंदुकीला जोर आला तो 2020 च्या डिसेंबरात. करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. ऊस तोडायला कुणी धजेना, दिवस मावळला की दारं बंद. शेवटी वन खात्यानं रीतसर हुकूम काढला आणि त्या नरभक्षक बिबट्याला गोळी घालण्यात आली. तो एक बिबट्या होता, त्याच्यासाठी एक हुकूम होता आणि त्यामागं माणसांचे जीव गेलेले होते. तात्यांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की सरकारनं आपलं धोरण मान्य केलं आणि आता नुसती अंमलबजावणी राहिली.

मग 2022 चा पावसाळा आला आणि लम्पी आला. जळगावकडून सुरू झालेली साथ बघता बघता राज्यभर पसरली. जनावरांच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी, ताप, पायाला सूज, डोळ्यांतून पाणी. सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती बंद झाल्या, ने-आण बंद झाली. सरकारनं मदत जाहीर केली : दुभती गाय दगावली तर 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000. गाव हवालदिल झालं होतं, पण तात्यांना मात्र कारण सापडलं होतं. ग्रामसभेत ते उभे राहिले.

"ही बिमारी हरणांनी आणली. काळविटं कळपानं येत्यात, आपल्या रानात चरत्यात, त्येंच्या अंगावरचं गोचीड आपल्या गुरास्नी लागतं. ठराव करा आन् बंदोबस्त करा."

पशुवैद्यकीय डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तात्या, हा विषाणू देवीच्या जातीचा आहे. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यातून पसरतो. लांबच्या गावाला जातो तो मात्र गाडीत बसून, आजारी जनावराबरोबर. 1929 साली आफ्रिकेत झांबियात तो पहिल्यांदा दिसला आणि 2019 ला आपल्या ओडिशात. हरीण काय तिथनं चालत आलं?"

"मग हरणाला बिल्ला का न्हाई?" तात्यांनी तिसरीकडूनच मुसंडी मारली. "आमच्या गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला ठोकला, तिचं आधार केलं. हरणाचं आधार कुठाय? ते कुठनं आलं, कुठं गेलं, नोंद कुणाकडं?"

काळवीट पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्याला हात लावला तर तुरुंग आहे, एवढं वनरक्षकानं सांगितल्यावर ठराव बारगळला. तात्या म्हणाले, "कायदा हरणांनीच केलाय."

पुढं त्यांना मोबाइलवर विलायत सापडली. इंग्लंडात बॅजर नावाचं एक जनावर आहे, बिळात राहणारं, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेलं. त्याच्यामुळं गाईंना क्षय होतो म्हणून तिथलं सरकार 2013 पासून त्याला मारतंय, आजवर दोन लाखांच्या वर मारले, ही बातमी तात्यांनी टपरीवर अशी वाचून दाखवली, की जणू ते स्वतःच त्या मोहिमेचे सल्लागार आहेत. "बघा! सायबाला कळतंय, आपल्याला कळंना!"

डॉक्टर नेमके चहाला आले होते. त्यांनी बातमीचा राहिलेला भाग सांगितला. त्याच सायबानं आधी, 1998 पासून कैक वर्षं, चाचणी घेतली होती. अकरा हजारांच्या आसपास बॅजर मारून बघितले. मारलेल्या भागात रोग थोडा उतरला, पण भोवतालच्या पट्ट्यात वाढला. कारण उरलेले बॅजर आपली हद्द सोडून सैरावैरा हिंडायला लागले आणि रोग आणखी लांब घेऊन गेले. 2007 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी लिहून दिलं, की अशा मारण्यानं गाईंचा क्षय आटोक्यात यायचा नाही, रोग गाईंकडून गाईंनाही मोठ्या प्रमाणात होतोय. तरी पुढं सरकारनं मारायचं ठरवलंच. शेतकरी एका बाजूला, प्राणिप्रेमी दुसऱ्या बाजूला, आणि क्वीन या बँडचा गिटारवाला ब्रायन मे बॅजरच्या बाजूनं रस्त्यावर. भांडण अजून मिटलेलं नाही.

तात्यांनी एवढ्या सगळ्यातून आपल्याला हवं ते उचललं. "म्हंजी शेवटाला मारलंच न्हवं?"

मग बुळकांडीचं काय, डॉक्टरांनी विचारलं. टपरीवरच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून काटा येतो असा तो रोग. त्या काळी गावंच्या गावं बैलाविना पडायची. जनावरांच्या रोगांसाठी इंग्रज सरकारनं 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा काढली, तीच पुढं मुक्तेश्वरला गेली. भारत 2006 साली बुळकांडीतून मोकळा झाला आणि 2011 साली सगळं जग. तो रोग गेला लशीनं. आफ्रिकेत तर असं दिसलं, की गुरांना टोचत गेले तशी रानातली जनावरंही रोगातून सुटत गेली. रोग रानात राहत होता तो गुरांच्या जिवावर.

तात्या गप्प झाले नाहीत, पण त्यांनी विषय कावळ्यांवर नेला. 2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे पटापट मेले आणि त्यांना बर्ड फ्लू निघाला. तात्यांनी लगेच बोटं रोखली : "कावळ्यांचा बंदोबस्त करा, न्हाईतर कोंबड्या गेल्या!" तेवढ्यात टपरीवाला कपबश्या विसळता विसळता म्हणाला, "करा की. पर तात्या, मग पिंडाला कोण शिवणार?" तात्यांची बंदूक पहिल्यांदाच खाली आली. कावळ्यांना तूर्त अभय मिळालं.

आता लम्पीची राहिलेली गोष्ट. बाजार बंद होते त्या दिवसांत गिऱ्हाईक नसल्यानं गाई स्वस्त झाल्या होत्या. एका रात्री तात्यांच्या दारात पिकअप आली आणि तीतून एक एचेफ गाय उतरली. पाहुण्यांच्या गावाहून आणलेली, पावती नाही, दाखला नाही. आठवड्यानं तिच्या मानेवर गाठी आल्या, आणखी काही दिवसांनी शेजारच्या दावणीला. तात्यांच्या घरच्या काकी म्हणाल्या, "अवं, डॉक्टरास्नी बोलवा." तात्या म्हणाले, "गप. समदीकडं बोभाटा हुईल."

डॉक्टरांना बोलावलं ते काकींनीच. आधी गावात लसीकरण झालं तेव्हा दूध आटतं म्हणून तात्यांनी आपल्या गाई मळ्यातल्या शेडात नेऊन बांधल्या होत्या, तेही तेव्हाच उघड झालं. त्या गाईसाठी तात्या रात्र रात्र जागले. लिंबाच्या पाल्याचा धूर केला, गाठींवर हळद लावली, खांद्यावरच्या टॉवेलनं पहाटेपर्यंत माश्या हाकलल्या. गाय वाचली. कोपऱ्यात उकिरडा तसाच होता, गव्हाणीखाली चिखल होता, त्यातनं माश्या उठतच होत्या. रात्रभर ज्या माश्या तात्यांनी हाकलल्या, त्यांचं नाव दिवसा टपरीवर त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. दिवसा हरीणच होतं.

यात तात्यांचं चुकतं असंही नाही, त्यांचा हिशोब पक्का आहे. माशीचा बंदोबस्त करायचा तर उकिरडा हलवावा लागतो. बाजाराचा करायचा तर स्वस्तातली गाय सोडावी लागते. पाहुण्याला दाखला मागायचा तर सोयरिक तुटते. हरणाचा बंदोबस्त करायला मात्र नुसतं बोट पुरतं, आणि हरीण ग्रामसभेला येऊन उत्तर देत नाही. विलायतेतल्या वादातही आवाज मोठा होता तो याच बोटाचा, गाई तपासून विकायच्या कंटाळवाण्या कामाचा नव्हे.

तात्या तुमच्याही गावात असणारच. त्यांचं भाषण ऐकत बसू नका, त्यांच्या गोठ्यात जाऊन गाईंच्या कानातले बिल्ले मोजा. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, फुकट, दारात येते. त्या दिवशी मळ्यातलं शेड बघायला विसरू नका.