गुदगुल्यांची भीती

लहानपणी आमच्या गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन यायचा. अस्वलाच्या केसाचा ताईत गळ्यात बांधला की पोर कशाला भीत नाही, अशी आजीची खात्री होती. ताईत बांधून मी भ्यायचो ते नेमका अस्वलालाच. कारण अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारतं, हेही आजीनंच सांगितलेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा खेळ हळूहळू बंद पडला. बरंच झालं. नाकातून दोर ओवलेला प्राणी नाचतो कसला, ओढ बसेल तसा उड्या मारतो.

मोकळं अस्वल पाहिलं ते नागझिऱ्यात, बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला. पाणवठ्याकाठच्या मचाणावर मी, एक वनमजूर आणि बँकेतले एक साहेब. वाघ सोडून बाकी काही मोजायला साहेबांची तयारी नव्हती. सांबरं आली तेव्हा त्यांनी डबा उघडला, रानडुकरं आली तेव्हा बंद करून ठेवला.

रात्री दोनच्या सुमाराला जोरात ‘फूऽऽ’ आणि मागोमाग ‘सुर्रर्र’ असा आवाज सुरू झाला. बशीतला गरम चहा फुंकून प्यावा तसा, फक्त बशी परातीएवढी. मी साहेबांना कोपरानं ढोसलं. “अहो, कुशीवर वळा.”

“मी जागा आहे!” साहेब दुखावले. आवाज चालूच होता.

“अस्वल हाये जी,” वनमजूर कुजबुजला.

खाली वारूळ फोडून बाई जेवायला बसल्या होत्या. आपल्याकडच्या या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून आधी माती फुंकायची आणि मग वाळवी ओढायची. वाळवी नाकात शिरू नये म्हणून नाकपुड्या मिटायचीही सोय असते. आमचे आजोबा कवळी काढून आमरस ओढायचे, तोच सूर, तीच तल्लीनता. हे दात नाहीत आणि नख्या लांबलचक, एवढ्यावरून १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञानं या प्राण्याची गणना चक्क अमेरिकेतल्या सुस्त स्लॉथमध्ये करून टाकली होती. बाईंचा वारुळावरचा उरक त्यानं पाहायला हवा होता.

पाठीवर दोन पिल्लं. मागचं सारखं घसरायचं, आईच्या झिपऱ्या धरून पुन्हा वर चढायचं आणि चढता चढता पुढच्याला लाथ घालायचं. आईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन पोरं मागे बसवून स्कूटरवरून भाजी आणणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतो तसा शांत वैताग. पाऊण तासानं ती उठली आणि पायजम्याची नाडी सुटल्यासारखी डुलत झाडीत गेली.

“वाघ नाहीच,” साहेब म्हणाले.

मला मात्र आजी आठवत होती. मी वनमजुराला विचारलं, “खरंच गुदगुल्या करतं का हो?”

“गुदगुल्या? तुमाले कोनं सांगतलं जी?” म्हणत त्यानं सदऱ्याची बाही वर केली. खांद्यापासून कोपरापर्यंत चार पांढरट चरे. पहाटे मोहफुलं वेचायला गेला असताना झुडपाआड दोघंही खाली मान घालून वेचत होते म्हणे.

सकाळी मचाणावरून उतरताना मी साहेबांना म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे.”